मॉडेलचे जुने अंदाज कुठे मिळतात आणि ते तासगावच्या पावसाशी कसे ताडून पाहावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि फळछाटणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. छाटणीनंतरची फूट कोवळी असतानाच परतीचा पाऊस गाठतो, पानांवर पाणी राहिले की डाऊनी (केवडा) हा रोग येतो, म्हणून पावसाच्या आधी फवारणी उरकावी लागते. पण फवारा वाळण्याआधीच सर आली तर औषधही वाया जाते आणि मजुरीही. त्यामुळे या दोन महिन्यांत आमच्याकडचा प्रत्येक बागायतदार मोबाइलवरचा अंदाज दिवसातून दहा वेळा उघडतो. ‘तीन दिवसांनी पाऊस’ असे दिसल्यावर तो किती वेळा खरोखर पडतो, याचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नाही. तो मला करायचा आहे.

मी एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवतो. पायथन हाताखालचे आहे, हवामानाच्या डेटाशी मात्र हा पहिलाच संबंध. उन्हाळ्याच्या सुटीत युरोपच्या कोपर्निकस संकेतस्थळावरून इरा५ चा पाच वर्षांचा तासागणिक पाऊस उतरवून घेतला, आमच्या जवळचा बिंदू काढला आणि मळ्यातल्या पर्जन्यमापकाच्या वहीशी ताडून पाहिला. ताळा इतका चांगला जमला की समाधानाऐवजी शंकाच आली. मग अमेरिकेच्या जीएफएस या अंदाज देणाऱ्या मॉडेलकडे वळलो, तर तिथली एकेक फाइल पाचशे मेगाबाइटच्या आसपास निघाली आणि मळ्यातल्या जोडणीवर दोन फाइली उतरवण्यात दुपार गेली. तेव्हा विचारायचे आहे ते असे: इरा५ वापरण्यात माझे काही चुकते आहे का, आणि चार-पाच हंगामांचे खरे अंदाज पाहायचे असतील तर ते एवढ्या तेवढ्या जोडणीवर जमण्यासारखे आहे का?

दर्याकिनारी

कृष्णाकाठ, तुमची शंका रास्त आहे. इरा५ हा अंदाज नव्हे, ते पुनर्विश्लेषण आहे. म्हणजे १९४० पासूनच्या प्रत्येक तासासाठी त्या वेळची उपलब्ध निरीक्षणे (उपग्रह, फुगे, जहाजे, विमाने, जमिनीवरची केंद्रे) एकाच ठरावीक मॉडेलमध्ये मिसळून वातावरणाचे जे चित्र मागाहून तयार केले, ते. त्यातला पाऊस तर आणखी आडवळणाने येतो: तो थेट मोजलेला नसतो, रोज ०६ आणि १८ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) सुरू होणाऱ्या छोट्या अंदाजांतून काढलेला असतो. ते अंदाज जेमतेम बारा-अठरा तासांपुढे पाहतात आणि त्यांची सुरुवात प्रत्यक्ष निरीक्षणांनी दुरुस्त केलेल्या स्थितीपासून होते. तीन दिवस आधी दिलेल्या अंदाजाची परीक्षा त्यावर घेणे म्हणजे पेपर फुटल्यावर घेतलेल्या परीक्षेचे गुण मोजण्यासारखे आहे. तुमचा ताळा जमला याचा अर्थ इतकाच की तुमची वही चांगली आहे.

अंदाजाच्या प्रत्येक आकड्याला दोन वेळा चिकटलेल्या असतात. एक, मॉडेल ज्या क्षणाच्या स्थितीवरून सुटले तो. दुसरी, आकडा ज्या क्षणाबद्दल बोलतो तो. या दोहोंतले अंतर हाच तुमचा विषय आहे. कुठलाही संग्रह उघडताना त्यात या दोन्ही वेळा सुट्या दिसतात का, हे आधी पाहा. एकच वेळ दिसत असेल तर बहुधा ते विश्लेषण असते, किंवा प्रत्येक फेरीचे (मॉडेल एकदा चालवले की ती एक फेरी) पहिले काही तास कापून एकमेकांना जोडलेली मालिका असते. अशा जोडमालिका ‘ऐतिहासिक अंदाज’ या नावाखाली सर्रास मिळतात आणि त्यांवर बसवलेले निष्कर्षही सर्रास चुकतात. माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचे पहिले तीन महिने याच चुकीत गेले, त्यामुळे हे जरा पोटतिडकीने लिहिले आहे.

माइनकाठ

मी जर्मनीत ऊर्जाक्षेत्रात काम करतो. पवनचक्क्यांसाठी रोज हाच डेटा उपसावा लागतो. ‘कुठे मिळेल’ याचे उत्तर देतो.

अंदाज हा नाशवंत माल आहे. नवी फेरी आली की जुनी कोणाला नको असते, म्हणून प्रसारण करणारे सर्व्हर ती झपाट्याने काढून टाकतात. अमेरिकेच्या नोमॅड्स या सर्व्हरवर जीएफएसच्या साधारण दहा दिवसांच्या फेऱ्या असतात. आमच्या इथल्या जर्मन हवामानखात्याचे आयकॉन हे मॉडेलही खुले आहे, पण त्याच्या फाइली साधारण एका दिवसात पुसल्या जातात. ज्याला संग्रह हवा त्याने तो रोज स्वतः गोळा करावा. शिवाय जागतिक आयकॉनची जाळी अक्षांश-रेखांशांची नाही, ती २९,४९,१२० त्रिकोणांची आहे. सीडीओ या आज्ञावलीने ती आधी सरळ जाळीवर उतरवून घेतल्याशिवाय तुम्हाला तासगाव सापडणारच नाही. तुम्ही तिकडे जाऊ नका.

तुमच्यासाठी जीएफएसच बरे. त्याच्या दिवसाला चार फेऱ्या होतात: ००, ०६, १२ आणि १८ यूटीसी. प्रत्येक फेरी ३८४ तास पुढे जाते. पहिले १२० तास दर तासाला एक फाइल, नंतर दर तीन तासांना एक. मोजल्यास एका फेरीच्या २०९ फाइली होतात. प्रत्येकी पाचशे मेगाबाइट धरले तर फेरीमागे शंभर गिगाबाइटच्या वर आणि दिवसाला चारशेच्या वर. हे सगळे उतरवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि उतरवण्याची गरजही नाही. नोआ या अमेरिकेच्या हवामानसंस्थेने हा डेटा ॲमेझॉनच्या खुल्या डेटा कार्यक्रमात ठेवला आहे; तिथे २०२१ पासूनच्या फेऱ्या टिकून आहेत, नावनोंदणी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. त्याहून मागे जायचे असेल तर अमेरिकेतल्या बोल्डरच्या एनसीएआर संस्थेकडे याच पाव अंश अंतराच्या जाळीवरच्या जीएफएसचा संग्रह १५ जानेवारी २०१५ पासून आहे. आणखी मागे, ऑक्टोबर २००६ पासून, अनेक देशांच्या मॉडेलांचे समूह-अंदाज (एकच मॉडेल किंचित वेगळ्या सुरुवातींनी अनेकदा चालवून काढलेले) ‘टिगे’ या संग्रहात मिळतात. तो संशोधनासाठी खुला आहे, पण रांग फार संथ चालते.

आता पाचशे मेगाबाइटचे काय करायचे? ॲमेझॉनवर प्रत्येक ग्रिब फाइलच्या (हवामानाचे आकडे याच प्रकारच्या फाइलींत येतात) शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘आयडीएक्स’ असलेली एक छोटी मजकूर-फाइल असते. तिच्यात ओळीमागे एक घटक (पाऊस, तापमान असे एकेक) असतो: क्रमांक, तो घटक मोठ्या फाइलीत कितव्या बाइटपासून सुरू होतो तो आकडा, फेरीची तारीख, घटकाचे नाव, पातळी आणि कालावधी. शेवटचा बाइट तिथे लिहिलेला नसतो; पुढच्या ओळीचा आरंभ घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा. एचटीटीपीने तेवढाच बाइटांचा पट्टा मागता येतो आणि सर्व्हर तेवढाच देतो. पावसाचा एक घटक साधारण एक मेगाबाइटच्या आतबाहेर असतो. हे हाताने करायचे नसेल तर पायथनमधली ‘हर्बी’ नावाची लायब्ररी हेच काम करून देते, पण एकदा तरी हाताने करून पाहा. पुढे काही बिघडले की कुठे पाहायचे ते कळते.

बिनपावसाचा ढग

मला यातले काही कळत नाही, तरी विचारतो. ॲपवाल्यांकडूनच मागचे आकडे का मागू नयेत? (आणि ‘डेटा’ ऐवजी ‘विदा’ लिहा असा आग्रह इथे कोणी धरण्याआधी सांगतो की तो शब्द मी वापरून पाहिला आहे, त्याला ‘शी’ प्रत्यय लावला की ‘विदेशी’ होते. या धाग्यावरच्या मालाला ते लागूही पडते म्हणा.)

दर्याकिनारी

ढग, ॲपमध्ये दिसणारा आकडा कोणत्या मॉडेलचा, कोणत्या फेरीचा आणि त्यावर कोणती कलाकुसर केलेली, हे बहुतेक वेळा कळत नाही, आणि उद्या त्यांनी आतले यंत्र बदलले तर तेही कळणार नाही. ओपन-मेटिओसारख्या सेवा मात्र मॉडेलचे नाव सांगून आकडे देतात आणि ‘आधीच्या फेऱ्यांनी या वेळेबद्दल काय सांगितले होते’ हेही वेगळे मागता येते. व्यापारी वापर नसेल तर ती मोफत आहे. एका गावाचा प्रश्न असेल तर दहा मिनिटांत काम होते. पण कृष्णाकाठांना हिशेब लोकांपुढे मांडायचा असेल, तर मूळ फाइलीपर्यंत एकदा हात पोचलेला असावा असे माझे मत आहे.

कृष्णाकाठ

माइनकाठ, मनापासून आभार. बाइटांचा पट्टा मागून पहिला घटक उतरला तेव्हा घरातल्यांना बोलावून दाखवला; पाचशेच्या जागी एक मेगाबाइटदेखील पुरता नव्हता. हिशेब असा मांडला आहे: १५ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर हे ६२ दिवस, दिवसामागे दोन घटक, २०२१ ते २०२४ असे चार हंगाम, एकूण ४९६ घटक. पुऱ्या फाइली उतरवल्या असत्या तर सुमारे २५० गिगाबाइट झाले असते, असे अर्ध्या गिगाबाइटच्या आसपास भागेल. त्यातही महाराष्ट्राचा तुकडा (अक्षांश १५.५ ते २२.२५, रेखांश ७२.५ ते ८१) कापला तर २८ गुणिले ३५ म्हणजे ९८० बिंदू उरतात, जगाच्या १४४० गुणिले ७२१ बिंदूंच्या मानाने हजारावा हिस्सा. राज्यभराच्या पावसाचे एका वेळचे चित्र चार किलोबाइटच्या आत मावते.

पण तिथवर पोचेपर्यंत तीन ठिकाणी अडखळलो आणि चौथ्या ठिकाणी अजून अडलेलो आहे. पहिले, अक्षांश ९० पासून उणे ९० कडे उतरत जातात, त्यामुळे पायथनच्या एक्सअरे लायब्ररीमध्ये १५.५ ते २२.२५ असा तुकडा मागितला तर कसलीही चूक न दाखवता रिकामे उत्तर येते, २२.२५ ते १५.५ असे उलटे मागावे लागते. दुसरे, तापमान आणि पाऊस एकाच फाइलीतून उघडताना सीएफग्रिब (ग्रिब वाचणारी लायब्ररी) भांडते, कारण दोन मीटर उंचीवरचे आणि जमिनीवरचे घटक त्याला एका पेटीत बसवता येत नाहीत. पातळीचा प्रकार आधी सांगावा लागतो. तिसरे अगदीच बावळटपणाचे आहे. सीएफग्रिबही स्वतःची एक ‘आयडीएक्स’ फाइल शेजारी तयार करून ठेवते, तिचा माइनकाठांनी सांगितलेल्या फाइलीशी काही संबंध नाही. मी ग्रिब बदलली, जुनी आयडीएक्स तशीच राहिली आणि पूर्ण संध्याकाळ कालच्या खुणांनी आजची फाइल वाचण्याच्या प्रयत्नात गेली.

अडलो आहे ते असे की ७५ व्या तासाच्या फाइलीत पावसाच्या ओळी दोन आहेत आणि त्यांतले आकडे वेगवेगळे आहेत. खरा कोणता?

दर्याकिनारी

दोन्ही खरे. एक ओळ ‘० ते ७५ तास’ अशी असेल आणि दुसरी ‘७२ ते ७५’. जीएफएस पावसाची एक बादली दर सहा तासांनी ओतून रिकामी करते आणि दुसरी फेरी सुरू झाल्यापासून भरतच ठेवते. तुम्हाला दुसरी, म्हणजे शून्यापासूनची हवी. दोन वेळांची वजाबाकी केली की मधला पाऊस मिळतो. क्वचित एखादा बारीक ऋण आकडा येईल, तो आकडे साठवताना झालेल्या तोडमोडीचा असतो, त्याला शून्य धरा. एक खोड मात्र लक्षात ठेवा: तास जिथे चोविसाने पूर्ण भागतात तिथे आयडीएक्समधली ओळ तासांत नसून दिवसांत लिहिलेली असते, म्हणजे ७२ व्या तासाला ‘०-७२ तास’ असे शोधाल तर सापडणार नाही, तिथे ‘०-३ दिवस’ असते.

पुढेमागे युरोपीय हवामान-अंदाज केंद्राचा (ईसीएमडब्ल्यूएफ) अंदाजही घेतलात तर तिथे ही बादली नाही, सगळे फेरीच्या आरंभापासूनच साठते. पण एकक मीटर असते. ०.०१२ दिसले तर ते बारा मिलिमीटर आहे, कोरडा दिवस नव्हे. त्या केंद्राचे खुले अंदाज २०२२ च्या जानेवारीपासून ०.४ अंशाच्या जाळीवर मिळू लागले, फेब्रुवारी २०२४ पासून पाव अंशाच्या, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची चालू अंदाजांची पूर्ण यादीच खुल्या परवान्याखाली आली. मालिका जोडताना हे सांधे सांभाळा.

आता ‘जवळचा बिंदू’ या प्रकाराविषयी, कारण त्यात मी स्वतः आपटले आहे. पाव अंश म्हणजे आपल्या अक्षांशांवर साधारण सव्वीस-अठ्ठावीस किलोमीटर. मुंबईसाठी सांताक्रूझच्या वेधशाळेला सर्वांत जवळचा बिंदू काढलात तर १९.० उत्तर, ७२.७५ पूर्व असा येतो. कुलाब्यासाठी काढा, तोच येतो. नकाशावर ठेवून पाहा, तो बिंदू अरबी समुद्रात आहे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. आणि आपण ज्याला मुंबईचा अंदाज म्हणतो तो बिंदू या दोघांनाही एकच आकडा देतो, तोही दर्यावरचा. पावसाचे एक वेळ चालेल, पण तापमान आणि वारा तिथला घेतलात तर जमिनीशी त्याचा मेळ बसत नाही. मॉडेलचा जमीन-पाण्याचा नकाशा आणि मॉडेलने धरलेली जमिनीची उंची हे दोन घटक ग्रिबमध्ये असतातच. कोणतेही ठिकाण निवडताना ते आधी उतरवून पाहावेत.

कृष्णाकाठ

तासगावचा पाहिला. गाव साधारण १७.०३ उत्तर, ७४.६० पूर्व आहे, बिंदू १७.०, ७४.५ निघतो, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर पश्चिमेला, पलूसच्या अंगाला. समुद्र नाही, हे नशीब. सांगली शहराला मात्र त्याच्या खालचा बिंदू लागतो.

पर्जन्यमापक

मी पुण्याच्या सिमला ऑफिसच्या, म्हणजे हवामानखात्याच्या कार्यालयाच्या, परिसरात उमेदीची वर्षे काढली आहेत. संगणकाचे तुम्ही जाणता. मी वहीच्या बाजूने लिहितो, कारण चूक बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते.

भारतात दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. १५ ऑक्टोबरच्या रकान्यात लिहिलेला आकडा १४ तारखेच्या साडेआठपासून १५ च्या साडेआठपर्यंतचा असतो. म्हणजे १४ च्या दुपारी शेतात गुडघाभर पाणी साचले असले तरी कागदोपत्री तो पाऊस १५ चा. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे साडेआठ म्हणजे ०३ यूटीसी. तुम्ही १२ ऑक्टोबरची ०० ची फेरी घेतलीत (ती आपल्याकडच्या पहाटे साडेपाचच्या स्थितीवरून सुटते), तर १५ तारखेच्या वहीतल्या आकड्यासाठी त्या फेरीचा ५१ वा आणि ७५ वा तास लागतो. ४८ ते ७२ घेतलेत तर तीन तासांची घसर होते. तीन तास किरकोळ वाटतील, पण ऑक्टोबरातला तुमच्याकडचा पाऊस दुपारनंतर ढग चढून संध्याकाळी-रात्री कोसळणारा असतो. एखादी पहाटेपर्यंत रेंगाळलेली सर या दिवसाची त्या दिवसात जाते. आणि वहीची तारीख नेमकी कशी लिहिली आहे हे न पाहता जुळवलेत, तर चूक तीन तासांची न राहता पूर्ण एका दिवसाची होते. तुमच्या मळ्यातली वही कोण भरते आणि किती वाजता, हे विचारून घ्या.

दुसरे असे की एका मापकावर सगळा निवाडा सोडू नका. हवामानखात्याने देशभराचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या जाळीवर १९०१ पासून मांडून ठेवला आहे आणि तो पुण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरून वर्षागणिक फाइलींत विनामूल्य मिळतो. जाळी ६.५ ते ३८.५ उत्तर आणि ६६.५ ते १०० पूर्व, १३५ गुणिले १२९ बिंदू. योगायोग चांगला आहे: हे बिंदू जीएफएसच्या पाव अंशाच्या बिंदूंवर तंतोतंत बसतात, तुमचा १७.०, ७४.५ त्यातही आहे. ‘जीआरडी’ फाइल उतरली की आधी तिचे वजन पाहावे; साध्या वर्षाची २,५४,२५,९०० बाइट आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइट भरली पाहिजे. एक बाइट कमी असेल तरी ती मधेच तुटलेली आहे. देशाबाहेरच्या आणि समुद्रावरच्या बिंदूंवर उणे ९९९ असते, ते सरासरीत मिसळू नका. मिसळलेले मी पाहिले आहे, छापूनही आलेले पाहिले आहे.

कृष्णाकाठ

काका, वही वडील भरतात. काल विचारले तेव्हा ते म्हणाले, “पाऊस ज्या दिवशी पडला त्या दिवशीच लिहिणार ना, दुसऱ्या दिवशी कशाला?” म्हणजे आमच्या वहीत १४ चा पाऊस १४ लाच आहे, आणि मापक रिकामा करण्याची वेळ चहाच्या वेळेवर अवलंबून आहे. पहिला तक्ता पूर्ण फेकून दिला.

पर्जन्यमापक

तुमच्या वडिलांचे चूक नाही. शेतकऱ्याची तारीख आणि खात्याची तारीख नेहमीच वेगळी राहिलेली आहे. आता साडेआठला मोजायला सांगा, पण जुन्या पानांवर खाडाखोड करू देऊ नका. जुन्या वर्षांसाठी खात्याची जाळी धरा आणि तिच्या जोडीला तुमच्या महसूल मंडळाचा आकडा घ्या. राज्यात महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे आहेत आणि मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो.

जाळीच्या मर्यादाही सांगून ठेवतो. ती मापकांवरूनच ओढलेली आहे, म्हणून जिथे मापक विरळ तिथे ती गुळगुळीत होते. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरसुद्धा अंतर नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वाईचा शेतकरी पावसाळ्यातही आभाळाकडे पाहत बसलेला. पाव अंशाच्या एका घराच्या रुंदीत हे दोन्ही मावतात. मॉडेलचा सह्याद्री तर आपल्या सह्याद्रीपेक्षा बराच बुटका आणि पसरट असतो. तुम्ही पर्जन्यछायेत सपाटीवर आहात, म्हणून तुमचे काम पुष्कळ सोपे आहे. हाच प्रश्न पाटणच्या माणसाने विचारला असता तर मी इतक्या आत्मविश्वासाने लिहिले नसते.

माइनकाठ

एक गोष्ट मुद्दाम सांगायची राहिली. कृष्णाकाठ, तुम्ही २०२१ पासूनचे हंगाम निवडलेत ते बहुधा संग्रह तिथून सुरू होतो म्हणून. पण त्यात तुमचा आणखी एक फायदा झाला. जीएफएसचा गाभा जून २०१९ मध्ये बदलला आणि २२ मार्च २०२१ रोजी सोळावी आवृत्ती आली, तीत वातावरणाचे थर ६४ वरून १२७ झाले. तुमचे चारही हंगाम त्या तारखेनंतरचे आहेत. एनसीएआरचा संग्रह मिळतो म्हणून २०१५ पासूनचे सगळे एकत्र कराल, तर एकाच नावाच्या वेगवेगळ्या मॉडेलांची सरासरी काढाल आणि तिचा उपयोग पुढच्या हंगामाला होणार नाही.

जास्त वर्षे हवीच असतील तर त्यासाठी वेगळी सोय आहे. जीईएफएस या समूह-मॉडेलची बारावी आवृत्ती काढताना तिच्यावरून २००० ते २०१९ या वीस वर्षांचे अंदाज नव्याने चालवून घेतले आणि तेही ॲमेझॉनवर खुले ठेवले आहेत. याला पश्चात-अंदाज म्हणता येईल: मॉडेल आजचे, तारीख जुनी, आणि मॉडेलला त्या तारखेच्या पुढचे काही माहीत नाही. पाच सदस्य (समूहातले एकेक स्वतंत्र अंदाज) रोज मिळतात. रोजच्या चालू जीईएफएसमध्ये तर एकतीस सदस्य आहेत, आणि तुमच्या प्रश्नाला खरे पाहता तेच जास्त उपयोगी ठरतील. ‘एकतिसांपैकी किती जणांनी पाऊस सांगितला’ हा आकडा फवारणीचा निर्णय घेणाऱ्याला ‘चार मिलिमीटर’ या आकड्यापेक्षा अधिक सांगतो.

बिनपावसाचा ढग

आपल्याकडचे काही नाही का यात? पुण्यात एवढे महासंगणक बसवले आहेत.

दर्याकिनारी

आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतला ‘अर्क’ आणि नोएडाच्या एनसीएमआरडब्ल्यूएफ या हवामान-अंदाज केंद्रातला ‘अरुणिका’ हे दोन्ही महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये कार्यान्वित झाले, आणि २६ मे २०२५ रोजी आयआयटीएमने विकसित केलेली सहा किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टिम खात्याच्या कामात आली. आधीचे जागतिक मॉडेल बारा किलोमीटरचे होते. नोएडाच्या केंद्राकडे नोंदणी करून ‘इमदा’ हे १९७९ पासूनचे बारा किलोमीटरचे, खास भारतीय प्रदेशाचे पुनर्विश्लेषण घेता येते, आणि पावसाळ्याच्या अभ्यासाला ते उत्तम आहे. पण तेही पुनर्विश्लेषणच, कृष्णाकाठांच्या परीक्षेला ते चालणार नाही. शिवाय जे मॉडेल २०२५ मध्ये आले त्याचे २०२१ चे अंदाज मागण्यात अर्थ नाही. यंत्रशिक्षणावरची नवी मॉडेलेही (युरोपीय केंद्राचे एआयएफएस फेब्रुवारी २०२५ पासून नियमित चालते) मुख्यतः इरा५ वर शिकलेली आहेत, तेव्हा त्यांची परीक्षा घेताना ती ज्या वर्षांवर शिकली ती वर्षे वगळावी लागतात. पुन्हा तोच फुटलेला पेपर.

कृष्णाकाठ

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. चारही हंगाम उतरवून झाले. प्रत्येक घटक उतरला की लगेच ९८० बिंदूंचा तुकडा कापून मूळ फाइल पुसत गेलो, त्यामुळे जागेचा प्रश्न आला नाही. मात्र सुरुवातीला प्रत्येक दिवसाचा वेगळा तुकडा ठेवला होता आणि एका बिंदूची मालिका काढताना शेकडो फाइली उघडाव्या लागत होत्या, म्हणजे गावाचा एक आकडा हवा म्हणून दरवेळी चार वर्षांची वर्तमानपत्रे चाळण्यासारखे. आता सगळे एका झार साठ्यात (आकडे कप्प्या-कप्प्यांत साठवण्याची पद्धत) घातले आहे आणि त्याचे कप्पे काळाच्या दिशेने लांब व जागेच्या दिशेने आखूड केले आहेत. मालिका क्षणात येते.

पावसाळी दिवस म्हणजे खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा अधिक, हे धरून चार घरांचा तक्ता केला: सांगितला आणि पडला, सांगितला आणि पडला नाही, सांगितला नाही आणि पडला, दोन्ही नाही. पहिल्या तक्त्यात एवढे चौथे घर भरलेले होते की टक्केवारी झकास दिसली. मग लक्षात आले की नोव्हेंबरातले कोरडे दिवस कोणीही न चुकता सांगू शकतो. ते घर सोडून पाहिले तर चित्र बरेच उतरते. मॉडेलला हलका पाऊस पसरून सांगण्याची सवय आहे. दोन-तीन मिलिमीटर सांगितलेले बरेच दिवस कोरडे गेले आहेत. उलट ज्या दिवशी खरोखर झोडपले त्या दिवसाचा आकडा मॉडेलने क्वचितच गाठला, पण त्या आसपास पाऊस मात्र सांगितलेला होता. तेव्हा उंबरठा २.५ ऐवजी पाच, सात, दहा असा चढवत नेऊन, फवारणी वाया जाण्याचा खर्च आणि डाऊनी येण्याचा खर्च यांच्याशी तो ताडून पाहतो आहे. औषधांच्या पावत्या वडिलांच्या फाइलीत आहेत. त्यांवर तारखा मात्र दुकानदाराच्या आहेत, फवारणीच्या नाहीत.

पर्जन्यमापक

उंबरठा तीन हंगामांवर ठरवा आणि चौथा हंगाम तोवर उघडू नका. आणि एकदा शेजारच्या चार बिंदूंतला सर्वांत मोठा आकडा घेऊन हाच तक्ता करून पाहा. ऑक्टोबरातली सर दहा किलोमीटर इकडेतिकडे होते. मॉडेलने ती पलूसवर टाकली आणि ती तासगावात पडली, तर फवारणीच्या दृष्टीने अंदाज बरोबरच आला.

कृष्णाकाठ

२०२४ बाजूला ठेवला आहे, काका. चार बिंदूंचे आज रात्री करतो. ०० ची फेरी आपल्याकडे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते, तोवर वडिलांनी साडेआठचा आकडा लिहिलेला असतो; आजचा शून्य आहे.